गाळलेला मजकूर

नानांची एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली. एका दैनिकात ते मुद्रितशोधक होते. पान छापायला जाण्याआधी त्याचा कागद त्यांच्या टेबलावर यायचा, आणि लिहिणारा कालचा उमेदवार असो की खुद्द संपादक, नानांच्या लाल पेन्सिलीपुढे सगळे सारखेच. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं त्यांना हातभर लांबून दिसायचं. कचेरीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, 'कानामात्रा' म्हणत. घरी आणि शेजारीपाजारी ते नाना.

'कानामात्रा' हे नाव टाचणीनं ठेवलं होतं. टाचणी म्हणजे त्याच दैनिकातला बातमीदार, नानांच्याच वयाचा. 'टाचणी' या टोपणनावानं तो रविवारचं सदर लिहायचा, आणि ते इतकं बोचायचं की पुढे खरं नाव मागे पडून माणूसच टाचणी झाला. दोघांचं चाळीस वर्षं सूत होतं, आणि त्यातली निम्मी वर्षं भांडणात गेली होती. टाचणीला भाषा येते पण शुद्धलेखन येत नाही, असं नानांचं म्हणणं. कानामात्राला शुद्धलेखन येतं पण विनोद कळत नाही, असं टाचणीचं.

निवृत्त झाल्यावर टाचणीनं स्वतःची साइट काढली आणि आठवड्याला एक लेख लिहायला लागला. तिथे त्यानं एक खोडी सुरू केली. प्रत्येक लेखात एक चूक मुद्दाम सोडायची, आणि नानांनी ती दुपारच्या आत शोधून फोन करायचा. फोन उचलला की टाचणी ख्यालीखुशाली न विचारता म्हणायचा, "कुठे?" नाना म्हणायचे, "चौथा परिच्छेद, तिसरी ओळ." "सापडली का तुला," एवढं पुटपुटून झालं की मग तासभर गप्पा.

असं सगळं ठीक चाललेलं असताना नानांच्या हृदयाचं ऑपरेशन करावं लागलं.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, घरी एकटेच. म्हणून लेकीनं हॉस्पिटलातून थेट आपल्या घरी आणलं. लेक दातांची डॉक्टर. हृदयाचे डॉक्टर म्हणाले होते, "तीन-चार महिने डोक्याला ताप नको. धक्का नको, वादावादी नको." लेकीनं ते अक्षरशः घेतलं. वर्तमानपत्र बंद केलं, टीव्हीची तार काढून कपाटात टाकली. ज्या माणसानं जन्मभर रोज हजारो शब्द डोळ्यांखालून घातले त्याला वाचायला काही उरलं नाही. आठव्या दिवशी नाना औषधांच्या खोक्यांवरच्या चुका काढायला लागले. दहाव्या दिवशी वाण्याच्या यादीवर लाल रेघा दिसल्या, तेव्हा जावयाला राहवलं नाही.

जावई एका बातम्या गोळा करणाऱ्या कंपनीत होता आणि मागच्या खोलीत बसून घरूनच काम करायचा. स्वभावानं गरीब, कुणाला नाही म्हणता न येणारा. त्यानं एक जुना टॅब काढला, पुसला आणि नानांपुढे ठेवला.

"बाबा, आता जगातली सगळी वर्तमानपत्रं तुमच्या मांडीवर."

"ती आणून कोण टाकणार?"

"आमचा सर्व्हर. सांगतो. प्रत्येक साइट आपल्याकडे नवीन काय आलं त्याची एक यादी ठेवते. मथळा, तारीख, दोन ओळी मजकूर आणि पूर्ण बातमीचा पत्ता. त्या यादीला फीड म्हणतात. आमचा सर्व्हर दर पंधरा मिनिटांनी प्रत्येकाच्या दारात जाऊन उभा राहतो. काही नवीन आहे? असेल तर घेऊन येतो. आधी आणलेलं असेल तर पुन्हा उचलत नाही. मग सगळ्यांचं एकत्र करून, वेळेप्रमाणे लावून, तुमच्यापुढे ठेवतो."

नानांनी जरा विचार केला. "म्हणजे आमचा टेलिप्रिंटरच की, जावईबापू."

"टेलिप्रिंटर त्याला पाहिजे ते पाठवायचा. इथे तुम्ही सांगाल तेच येतं."

नानांनी तेवीस साइट सांगितल्या. त्यात पहिली टाचणीची.

दोन दिवस ते हरखून गेले. सकाळी टॅब उघडला की वर आकडा दिसे, न वाचलेले तीनशे चाळीस, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत नाना तो शून्यावर आणत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार केली. चार-पाच ठिकाणांहून रोज राशिभविष्य येऊन पडत होतं. त्यावर जावई म्हणाला, "तो शब्द वगळू या." त्यानं कुठेतरी जाऊन एका चौकोनात 'राशिभविष्य' असं लिहिलं, आणि तेव्हापासून तो शब्द असलेली एकही ओळ नानांपर्यंत आली नाही. नानांना ते फार आवडलं. असं काही आपल्या वेळी असतं तर निम्मं दैनिक कोरं निघालं असतं, असं ते म्हणाले.

फक्त टाचणीचा लेख येईना. हॉस्पिटलात तो एकदा येऊन गेला होता, पलंगाशी बसून नळ्या मोजल्या होत्या, आणि "तुझ्यावर इतक्या दुरुस्त्या कधी कुणी केल्या नसतील" असं म्हणून हसवलं होतं. त्यानंतर काही नाही. दोन आठवडे वाट पाहून नानांनी लेकीला विचारलं.

"टाचणीकाका ना? ते थोडे दिवस विश्रांती घेतायत म्हणे," ती कोशिंबिरीसाठी काकडी चिरता चिरता म्हणाली. "लिहीत नाहीत सध्या."

नानांनी एकदा फोन लावला, तो बंद लागला. मग त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. छाती फाडून घेतली मी, आणि चौकशी मीच करायची? लिहिलं की येईलच समोर, दर पंधरा मिनिटांनी सर्व्हर त्याच्या दारात उभा आहे. त्यांनी पुन्हा फोन लावला नाही. असे तीन महिने गेले.

डॉक्टरांनी जिन्यानं उतरायला परवानगी दिली त्या आठवड्यात नाना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार गोळ्यांची पाकिटं मोजता मोजता म्हणाला, "त्या बाळाचं वाचलंत ना, नाना? सुटलं बिचारं."

"कुठलं बाळ?"

"अहो, टाचणी गिळलेलं. आठ महिन्यांचं पोर. चार दिवस सगळीकडे तेच चाललं होतं. काल काढली शेवटी, दुर्बीण घालून."

"मी तेवीस ठिकाणचं वाचतो रोज. असं काही आलं नाही."

"मग तुमची तेवीसच्या तेवीस झोपली होती म्हणायची," दुकानदार म्हणाला आणि पिशवी पुढे केली.

नाना घरी आले ते तोच विचार घोळवत. दुकानदार काही थापा मारणारा माणूस नव्हता. त्यांनी वही आणि पेन्सिल घेतली आणि एकतीस वर्षं जे केलं तेच करायला बसले: मूळ प्रतीशी ताडून पाहणं. एका मोठ्या वर्तमानपत्राची साइट त्यांनी टॅबवर थेट उघडली, कालच्या दिवसाचे सगळे मथळे वहीत एकाखाली एक उतरवले, आणि मग आपल्या नेहमीच्या यादीत जाऊन एकेकावर खूण करत सुटले. मथळे एक्केचाळीस होते. खुणा एकोणचाळीस झाल्या. उरलेले दोन्ही त्या बाळाचे.

दुसऱ्या साइटवर तेच. तिसरीवरही तेच.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हातून कधी कधी एखादी ओळ राहून जायची. तेव्हा नाना समासात लिहायचे, 'मजकूर गळला आहे, मूळ प्रत पाहावी.' पण ओळ नजरचुकीनं गळते तेव्हा ती कुठलीही गळते. आज इथली, उद्या तिथली. इथे तसं नव्हतं. मोठमोठ्या बातम्या आल्या होत्या, फुटकळ आल्या होत्या, शेजारच्या गल्लीत फुटलेला नळसुद्धा आला होता. गळलेल्या प्रत्येक मथळ्यात एकच शब्द होता. नानांनी वहीत त्या शब्दाखाली रेघ ओढली.

त्यांनी टाचणीच्या साइटचा पत्ता एकेक अक्षर करत टाकला.

पान उघडलं. सगळ्यात वर काळ्या चौकटीत चार ओळी होत्या. इथे लिहिणारे टाचणी गेले. आजार अल्पसा होता. यापुढे या जागेवर नवीन काही येणार नाही. वाचकांचे आभार. खाली 'त्यांची पत्नी' असं होतं आणि तारीख होती. नानांनी बोटांवर मोजलं. बावीस दिवस.

ते तसेच बसून राहिले. छातीत दुखेल, श्वास अडकेल असं त्यांना वाटलं, पण तसलं काही झालं नाही. ज्या हृदयाला सगळे इतकं जपत होते ते नेहमीसारखं ठोके देत राहिलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग ते उठले, मागच्या खोलीपाशी गेले आणि दार ढकललं. जावई कानात काहीतरी अडकवून कुणाशी बोलत होता. नानांचा चेहरा पाहून त्यानं ते काढून ठेवलं.

"तो वगळायच्या शब्दांचा चौकोन दाखवा मला," नाना म्हणाले.

"कुठला, बाबा?"

"राशिभविष्यवाला."

जावयानं टॅब हातात घेतला. त्याचं बोट काचेवर नुसतंच फिरत राहिलं. शेवटी त्यानं तो चौकोन उघडला आणि टॅब त्यांच्याकडे वळवला. पहिल्या ओळीत राशिभविष्य. दुसऱ्या ओळीत टाचणी. तिसरी ओळ कोरी होती.

"कधी टाकलात?"

"तुम्ही राशिभविष्य सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"तुम्हाला सुचलं?"

जावई खाली बघत म्हणाला, "तिनं सांगितलं. नुसती त्यांची साइट काढून चाललं नसतं. नावाजलेले होते, पेपरांतही आलं असतं. म्हणून शब्दच..." मग, जणू यानं काही हलकं होईल अशा सुरात, तो म्हणाला, "पुसलेलं नाही काही, बाबा. सर्व्हर सगळं आणतच होता. फक्त तुमच्यापुढे ठेवत नव्हता. सगळं बाजूला पडलंय."

"बघू."

बाजूला पडलेल्या ढिगात चौतीस गोष्टी होत्या. वर बाळ, बाळाची आई, बाळाचे डॉक्टर. त्यांच्या खाली निरनिराळ्या वर्तमानपत्रांतल्या टाचणी गेल्याच्या बातम्या. एकीत तर नानांचं दैनिक, नानांचा विभाग, सगळं होतं. आणि त्यांच्यात विखुरलेले टाचणीचे लेख. अकरा. प्रत्येकासमोर न वाचल्याची ठळक खूण.

"तुम्ही तुमचं काम करा," असं सांगून नाना टॅब घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले आणि सगळ्यात जुना लेख उघडला.

पोटात एक पाहुणा आलाय आणि तो जायचं नाव घेत नाही, अशी लेखाची सुरुवात होती. स्वादुपिंडाचा कर्करोग झालेला माणूस त्याची इतकी टवाळी करू शकतो यावर दुसऱ्या कुणाचा विश्वास बसला नसता. नानांना टाचणीचा आवाज ऐकू येत होता. चौथ्या परिच्छेदात त्यानं लिहिलं होतं, 'सकाळपासून तीन नर्सा येऊन गेल्या, पण कुणालाही माझी शिर सापडेना.' शीर दीर्घ हवी होती. ऱ्हस्व काढून त्यानं स्वतःचं डोकं हरवून ठेवलं होतं, आणि ते शोधून देणारा फोन करील म्हणून वाट पाहत बसला होता.

दुसऱ्या लेखात परदेशातून त्याचा 'सूत' आला होता आणि मुलाऐवजी दोरा आल्यामुळे घरात आनंदीआनंद होता. तिसऱ्यात 'आता फक्त पाणि प्यायचं' होतं. पाचव्यात चूक पहिल्याच ओळीत आणून ठेवली होती, आंधळ्यालाही दिसावी अशी. सातव्या लेखाच्या शेवटी वेगळी ओळ होती: 'आमचे एक जुने वाचक हल्ली चुका काढत नाहीत. एक तर मी सुधारलो असेन, नाहीतर ते.' आठव्यात अजून एक चूक होती. नाना नववा लेख दोनदा वाचून गेले, दहावाही. त्यांत चूक नव्हती. त्यानं सोडायचंच बंद केलं होतं.

अकरावा लेख जेमतेम बारा ओळींचा. त्यात चुका होत्या, ओळीओळीला होत्या, पण त्या खोडीच्या नव्हत्या. बोटं ऐकत नाहीत तेव्हा होतात तशा होत्या. नानांचा हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला.

लेक संध्याकाळी सहाला दवाखान्यातून आली. पायातले बूट काढता काढताच तिला कळलं. नवरा दाराशी येऊन उभा होता आणि वडील टेबलापाशी ताठ बसले होते, पुढे टॅब.

"बाबा, आधी माझं ऐकून घ्या," ती म्हणाली.

"ऐकतो. तेवढ्यासाठीच बसलोय. तुला कधी कळलं?"

ती समोरची खुर्ची ओढून बसली. "तुमच्या ऑपरेशनच्या दिवशीच. काका स्वतःच बोलले माझ्याशी, हॉस्पिटलच्या बाकावर. त्यांचा रिपोर्ट आदल्या दिवशी आला होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, आत्ता नको सांगूस. मी माझ्या पद्धतीनं सांगेन त्याला, लिहून."

"त्यानं लिहिलं," नाना म्हणाले. "अकरा वेळा लिहिलं."

"बाबा, तुमच्या तीन नळ्या बदलल्या होत्या. तुम्हाला काही झालं असतं तर मी काय करायचं होतं? आई गेली तेव्हा तुम्ही चार दिवस पाणी प्यायला नव्हतात. मी बघितलंय ते. मला पुन्हा बघायचं नव्हतं."

"त्याचा फोन आला होता?"

तिनं मान डोलावली.

"किती वेळा?"

"दोनदा. तुमचा मोबाइल तेव्हा माझ्याकडे असायचा. एकदा सांगितलं, झोपलेत. दुसऱ्यांदा सांगितलं, डॉक्टरांनी बोलायची बंदी केली आहे. मग नाही आला."

"आणि माझा फोन बंद लागला तेव्हा?"

"त्यांना परत भरती केलं होतं."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तुला ठाऊक होतं. काकडी चिरत होतीस."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नानांनी ते पाहिलं. एरवी तिच्या डोळ्यांत टिपूस आलं तरी त्यांचा जीव कासावीस व्हायचा. आज त्यांना नुसतं दिसलं, आत काही पोचलं नाही.

"गेला तेव्हा तरी सांगायचंस."

"रोज ठरवत होते. आज सांगू, उद्या सांगू. डॉक्टर म्हणाले होते चार महिने, आणि साडेतीन झाले होते. म्हटलं थोडंच राहिलंय. आणि मग जितके दिवस जास्त झाले तितकं..."

"तितकं बरं चाललं होतं. म्हातारा सकाळी उठतो, तीनशे बातम्या वाचतो, आपल्याला सगळं कळतं म्हणून खूश असतो. तुम्ही दोघं जेवायला बसायचात माझ्याबरोबर. मी विचारायचो, टाचणीचं काही आलं का, आणि तुम्ही एकमेकांकडे बघायचातसुद्धा नाही. इतकं पाठ झालं होतं तुमचं."

जावई दारातून म्हणाला, "बाबा, चूक माझीही..."

"तुमची चूक नाही," नाना म्हणाले. "चूक होते ती न कळता. तुम्ही दोघांनी मिळून केसानं गळा कापला माझा. आणि त्याचाही. त्याचा तर माझं नाव पुढे करून."

लेक काहीतरी म्हणाली, पण ते उठून खोलीत गेले. जेवायला बाहेर आले तेव्हा नीट जेवले, गोळ्या घेतल्या, ताट उचलून ठेवलं. तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिक्षा करून टाचणीच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं, पाहिलं, आणि बाजूला झाल्या. 'या' म्हणाल्या नाहीत. खोली आवरलेली होती. टाचणीच्या टेबलावरचे कागद गेले होते. टेबल इतकं मोठं आहे हे नानांना पहिल्यांदाच दिसलं.

"वहिनी, मला काल कळलं."

"काल," वहिनी म्हणाल्या. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, कामातून उठून आल्यासारख्या. "रोज तेवीस पेपर वाचता असं ऐकलं होतं तुमच्या लेकीकडून."

"माझ्यापर्यंत येऊच दिलं नाही. घरच्यांनी लपवून ठेवलं." बोलता बोलताच नानांना आपला आवाज ऐकू आला, शाळेतल्या पोरासारखा, दुसऱ्याकडे बोट दाखवणारा. पण खरं तेवढंच होतं, आणि दुसरं सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

"मी तिला स्वतः फोन केला होता भाऊजी. ते गेले त्या सकाळी. म्हणाली, नानांना सांगते. मी दार उघडं ठेवून दुपारपर्यंत थांबायला लावलं सगळ्यांना. माझा मुलगा म्हणत होता, आई, आता उशीर होतोय. मी म्हटलं, येतील."

नानांची नजर टाचणीच्या रिकाम्या टेबलाकडे गेली.

"माझ्याशीही खोटंच बोलली म्हणायची," वहिनी म्हणाल्या. मग एकदम, साध्या आवाजात, "पण फोन तर होता ना तुमच्याकडे? एकदा बंद लागला तर दुसऱ्यांदा करायचा होता. इथे घरी करायचा होता. चाळीस वर्षांची दोस्ती आणि माणूस तीन महिने गप्प, तुम्हाला वाटलं नाही काही?"

"वाटलं की रुसलाय. म्हटलं बघू, कोण आधी बोलतंय."

"हो. तेही असंच म्हणायचे, पहिला महिनाभर."

"नंतर?"

वहिनींनी पदर सारखा केला. "खोटं सांगणार नाही तुम्हाला. एवढ्यात पुष्कळ झालंय खोटं. शेवटचे पंधरा दिवस त्यांना तुमचं नाव काढलेलं चालत नव्हतं. एकदा मी म्हटलं, मी जाऊन बघून येते, तर अंगावर ओरडले. म्हणाले, जो आजारात विचारत नाही तो मेल्यावर कशाला पाहिजे. असं गेले ते."

नाना मान खाली घालून ऐकत राहिले. हे कुणी सांगितलं नसतं तरी चाललं असतं असं त्यांना एक क्षण वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

वहिनींनी चहा केला. दोघांनी तो घेतला. निघताना नाना दारात थांबले. वहिनी म्हणाल्या, "येत जा, असं आज म्हणत नाही मी. पुढचं पुढे बघू."

"बरं," नाना म्हणाले.

आठवड्याभरात ते आपल्या घरी राहायला गेले. लेकीनं आधी डॉक्टरांचं नाव काढलं. नाना स्वतःच डॉक्टरांकडे जाऊन त्यांची परवानगी घेऊन आले. मग ती म्हणाली, जेवणाचं काय. त्यांनी खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे डब्याचं ठरवलं होतं. टॅब त्यांनी पुसून जावयाच्या टेबलावर ठेवला. जावई म्हणाला, "तो नियम काढून टाकलाय बाबा, आता सगळं येईल, अगदी राशिभविष्यसुद्धा." त्याला हसवायचं असावं. नाना म्हणाले, "यंत्रावर माझा राग नाही हो. ते आणायचं काम इमानानं करत होतं." आणि टॅब तिथेच राहिला.

सामान फार नव्हतं. दोन बॅगा, औषधांचं खोकं, पुस्तकांची एक पेटी. जावयानं तीन जिने चढून सगळं वर नेलं. लेकीनं खिडक्या उघडल्या, पलंगावरची चादर झटकली, नळ सोडून पाहिला. बंद घराचा कोंदट वास जायला वेळ लागला. जावई गाडी काढायला खाली गेला, तेव्हा ती हातात झाडू घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली.

"बाबा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतंत?"

नाना औषधं फळीवर मांडत होते. "सांगितलं असतं."

"आणि तुम्हाला काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर झालं असतं. पण मी त्याच्या पलंगाशी बसलेलो असतो."

"मी तुम्हाला वाचवायला बघत होते."

"ठाऊक आहे मला," नाना म्हणाले. "ते ठाऊक नसतं तर सोपं गेलं असतं. परका असता तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो."

तिनं झाडू कोपऱ्यात ठेवला. पर्स घेतली, पुन्हा खाली ठेवली, गॅसचं बटण बंद आहे का ते पाहिलं. शेवटी दाराशी जाऊन म्हणाली, "शनिवारी येऊ?"

"ये."

"काय आणू?"

"काही नको. सगळं आहे."

ती थोडा वेळ थांबली. नेहमी ती निघाली की ते तिच्या डोक्यावर हात ठेवत. नानांचे हात फळीवरच राहिले. ती गेली. जिन्यावर तिची पावलं एक मजला उतरली आणि थांबली. नानांना ते ऐकू आलं. ती तिथे बराच वेळ उभी होती. मग पावलं पुन्हा सुरू झाली, आणि हळूहळू खालपर्यंत गेली.

नानांनी दार लोटलं, कडी घातली आणि पुस्तकांची पेटी उघडायला घेतली.